पस्तिशीनंतरचं बाळंतपण आणि डाउन सिंड्रोमच्या तपासण्या: कोणती, कधी, कशासाठी

दिवस गेल्याचं कळतं तेव्हा बहुतेकींचा पाचवा-सहावा आठवडा चालू असतो. डाउन सिंड्रोमसाठीची सगळ्यात उपयोगी तपासणी अकराव्या आठवड्यात सुरू होते आणि चौदावा लागायच्या आत तिची मुदत संपते. म्हणजे हातात पाच-सहा आठवडे असतात, आणि तेच उलट्या, सुट्ट्या आणि "तीन महिने कुणाला सांगू नका" यात निघून जातात.

मी अडतिसाव्या वर्षी यातून गेले. डॉक्टर नाही, पण प्रत्येक कागद वाचून, विचारून, समजून घेतला. तो सगळा क्रम इथे मांडते आहे. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा, पण दवाखान्यात जाताना काय विचारायचं हे तरी माहीत असावं.

१. आधी तारीख पक्की करा

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी अनियमित असेल तर ही तारीख आठवड्या-दोन आठवड्यांनी चुकू शकते, आणि पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच उभा असतो. रक्तातल्या घटकांची पातळी आठवड्यागणिक बदलते. त्यामुळे वय चुकीचं धरलं तर रक्त बरोबर असूनही रिपोर्ट चुकतो.

म्हणून सातव्या-आठव्या आठवड्यात एक साधी सोनोग्राफी करून घ्या. बाळ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत ना, एक आहे की जुळं, हे तेव्हाच कळतं. जुळं असेल तर दोघांची वार एक की वेगळी हेही लिहून घ्या, पुढे प्रत्येक तपासणीत ते विचारतात. घरी आलात की कॅलेंडरवर अकरा आठवडे पूर्ण होण्याची आणि तेरा आठवडे सहा दिवसांची, अशा दोन तारखांवर खूण करा. चांगल्या सोनोग्राफी सेंटरला आठ-दहा दिवस आधी नंबर लावावा लागतो.

२. वयाचा आकडा नीट समजून घ्या

डाउन सिंड्रोम म्हणजे मुलाची वाढ आणि समज मंदावणारी जन्मजात स्थिती. तिच्यात बाळाच्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या (क्रोमोसोमच्या) दोनऐवजी तीन प्रती असतात. दहापैकी नऊ वेळा ही जादा प्रत आईच्या बीजांडातून येते. बाईची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्धवट ठेवून वर्षानुवर्षं थांबून राहतात. जितकी वर्षं जातात तितकी गुणसूत्रं वेगळी होताना गडबड होण्याची शक्यता वाढते. यात कुणाच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणात बाहेर पडण्याचा, नोकरीतल्या दगदगीचा काही संबंध नाही. घरात कुणी तसं म्हणालं तर हे त्यांना सांगा.

जन्माच्या वेळचे ढोबळ आकडे असे: आईचं वय २५ असेल तर साधारण साडेबाराशे बाळांत एक, ३० ला साडेनऊशेत एक, ३५ ला साडेतीनशेत एक, ४० ला शंभरात एक, ४५ ला तीसात एक. अकरा-बारा आठवड्यांना हीच शक्यता थोडी जास्त दिसते, कारण असे काही गर्भ पुढे आपोआप पडतात. म्हणून दोन तक्त्यांतले आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका, ते जन्माच्या वेळचे की तिसऱ्या महिन्यातले ते बघा.

चाळिशीतही शंभरातल्या नव्याण्णव बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. मला पहिल्या भेटीपासून "एजेड प्रेग्नन्सी" हा शब्द इतक्या वेळा ऐकायला मिळाला की हे नव्याण्णव कुणी मोजतच नाही असं वाटायला लागलं. आणि ३५ हा काही उंबरठा नाही. गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचा जो धोका पूर्वी मानला जायचा, त्याच्या आसपास डाउनची शक्यता साधारण या वयात पोहोचते, म्हणून तो आकडा रूढ झाला.

याची दुसरी बाजू तरुण मुलींना कुणी सांगत नाही. विशीत-तिशीत बाळंत होणाऱ्या बायका संख्येनंच जास्त असतात, त्यामुळे डाउन सिंड्रोमची बहुतेक मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांची असतात. माझ्या नणंदेला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला तेव्हा ती २६ वर्षांची होती. "तुझं वय काय आहे, तुला कशाला हव्यात या तपासण्या" म्हणून तिची डबल मार्कर ही रक्ततपासणी केलीच नव्हती. वय कितीही असो, तपासणीबद्दल विचारा.

३. घरातला इतिहास सांगा, कागदासकट

भाच्यामुळे आमच्या बाबतीत हा प्रश्न लगेच आला. जेनेटिक काउन्सेलरने सगळ्यात आधी माझं वय नाही, भाच्याचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं मोजून-पाहून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट मागितला. कारण असं: डाउन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के मुलांमध्ये २१वं गुणसूत्र सुटं जादा असतं आणि ते योगायोगाने घडतं. तीन-चार टक्क्यांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात, आणि ते आई किंवा बाबांकडून आलेलं असू शकतं. तसं असतं तर माझ्या नवऱ्याचंही रक्त तपासावं लागलं असतं. भाच्याच्या रिपोर्टवर ४७ गुणसूत्रं, २१वं सुटं, असं स्पष्ट होतं. त्यामुळे आमच्यासाठी जादा धोका नाही हे दहा मिनिटांत निकाली निघालं.

नात्यात असं मूल असेल तर संकोच न करता तो रिपोर्ट मागून घ्या. नुसतं "मतिमंद आहे" या सांगण्यावरून काउन्सेलरला काहीच ठरवता येत नाही.

४. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर

ही जोडी आहे, आणि शक्य तर एकाच दिवशी करावी. एनटी स्कॅनमध्ये बाळाच्या मानेमागे त्वचेखाली साचलेल्या पाण्याची जाडी मोजतात, नाकाचं हाड दिसतं का बघतात. त्यासाठी बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते. डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी हे दोन घटक मोजतात. डाउनमध्ये सहसा पहिला कमी आणि दुसरा जास्त असतो. वय, एनटी आणि रक्त मिळून १०० पैकी साधारण ९० डाउनची बाळं ओळखू येतात. नुसतं रक्त दिलं आणि एनटी त्यात धरली नाही, तर ही ताकद बरीच कमी होते.

बरोबर काय न्यायचं:
- आधारकार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र. त्याशिवाय सोनोग्राफी होत नाही.
- डॉक्टरांची चिठ्ठी. तपासणीचं कारण लिहिलेलं हवं.
- आधीच्या सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि माता-बाल कार्ड.
- आयव्हीएफ असेल तर भ्रूण रोपणाची तारीख आणि बीजांड ज्या वयात काढलं ते वय. दात्या बाईचं बीजांड असेल तर तिचं वय लागतं, तुमचं नव्हे.

सेंटरवर फॉर्म एफ भरून घेतात. बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, या मजकुराखाली तुमची सही असते. ही गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची अट आहे. हा कायदा देशात १९९४ साली आला, महाराष्ट्रात त्याआधीच १९८८ साली आला होता. पुढच्या कुठल्याही तपासणीच्या रिपोर्टवर लिंग छापलं जात नाही. कुणी वेगळे पैसे घेऊन सांगतो म्हणालं तर तिथून उठा.

एनटीसाठी बाळ एका विशिष्ट अंगावर, मान फार वाकवलेली किंवा ताणलेली नसताना हवं. माझं बाळ पाठ करून बसलं होतं. डॉक्टरांनी मला खोकायला लावलं, कुशीवर वळवलं, मग बाहेर जिन्यावर फेऱ्या मारून यायला सांगितलं. पाऊण तास गेला, पण त्यांनी घाईघाईने माप घेतलं नाही. मिलिमीटरच्या दशांशाने निकाल बदलतो, त्यामुळे अशी चिकाटी असलेला डॉक्टर शोधा. एनटीचं प्रशिक्षण घेतलेलं आहे का, हे आधी फोनवर सरळ विचारा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

लॅबचा फॉर्म स्वतः भरा, किंवा भरलेला वाचून घ्या. जन्मतारीख, आजचं वजन, मधुमेह, धूम्रपान, जुळं, आयव्हीएफ, आधीचं डाउनचं बाळ, सोनोग्राफीची तारीख आणि त्यातली बाळाची लांबी या प्रत्येक गोष्टीने हिशोब बदलतो. माझ्या फॉर्मवर लॅबच्या माणसाने जुन्या फाइलमधलं वजन उतरवलं होतं, तिथेच काट्यावर उभी राहून ते बदलून घेतलं. उपाशी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेवढं सांगा, काही यंत्रांवरच्या मापात त्याने फरक पडतो.

तेरा आठवडे सहा दिवस उलटून गेले असतील तर घाबरू नका. पंधराव्या आठवड्यापासून क्वाड्रुपल मार्कर करता येते. तिच्यात चार घटक असतात आणि ती साधारण ८० टक्के बाळं ओळखते. जुनी ट्रिपल मार्कर त्याहून कमी पडते.

५. रिपोर्ट वाचताना

रिपोर्टवर बहुधा एक आलेख असतो: वयाप्रमाणे वर चढत जाणारी रेघ, एक लाल आडवी रेघ, आणि तुमचा ठिपका. शेजारी १:१८० असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि मोठ्या अक्षरांत "हाय रिस्क" किंवा "स्क्रीन पॉझिटिव्ह".

१:१८० म्हणजे तुमच्यासारख्या १८० बायका एकत्र उभ्या केल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, १७९ जणींच्या नसेल. हे निदान नाही. बऱ्याच लॅब १:२५० च्या वर गेलं की लाल शिक्का मारतात, आणि ती रेघ माणसांनी ठरवलेली आहे. १:२४० आणि १:२६० यांत बाळाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. या चाचणीत साधारण पाच टक्के बायकांना हाय रिस्क येतंच, आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळं गुणसूत्रांच्या बाबतीत निर्दोष असतात. वय जास्त असेल तर सुरुवातच वरून होते, त्यामुळे शिक्का बसण्याची शक्यताही जास्त.

शक्यता कोणत्या पट्ट्यात आहे त्यावर पुढचं ठरतं. १:१००० पेक्षा कमी असेल तर सहसा पुढे पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. १:२५० ते १:१००० च्या मध्ये असेल तर एनआयपीटीचा (आईच्या रक्तातल्या डीएनएची तपासणी, पुढे सांगितली आहे) विचार. त्याहून जास्त असेल तर एनआयपीटी किंवा सरळ गर्भजल तपासणी. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र एनआयपीटीत वेळ न घालवता निदानाची तपासणी आणि बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी याबद्दल विचारा, कारण तिथे डाउनखेरीज इतरही गोष्टी असू शकतात.

इथे दोन चुका फार होतात. एक, हाय रिस्क आलं की दुसऱ्या लॅबमध्ये तीच डबल मार्कर परत करणं. आकडा बदलेल, पण खरा कोणता ते कळणार नाही, आणि आठवडा जाईल. दुसरी, डाउनचा रकाना हिरवा दिसला की कागद फाइलला लावून टाकणं. पॅप-ए फार कमी असेल तर पुढे बाळाची वाढ कमी होणं किंवा आईचं बीपी वाढणं याचा धोका असतो. त्यासाठी अॅस्पिरिनची छोटी गोळी द्यायची असेल तर सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात. तो आकडा डॉक्टरांना दाखवून विचारा.

६. एनआयपीटी: फार चांगली, पण शेवटची नव्हे

आईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात. ते मोजून ही तपासणी होते. दहाव्या आठवड्यानंतर कधीही, नुसतं हाताचं रक्त देऊन. रिपोर्टला आठ-दहा दिवस, खर्च साधारण दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान. डाउनच्या १०० पैकी ९९ बाळं ती पकडते, आणि चुकून पॉझिटिव्ह हजारात एखादाच येतो.

हे ऐकून वाटतं की पॉझिटिव्ह म्हणजे ९९ टक्के खरं. तसं नाही. हिशोब करून बघा. २५-३० वर्षांच्या दहा हजार बायका घ्या, त्यांतल्या समजा दहा जणींच्या बाळाला डाउन आहे. तपासणी त्या जवळपास दहाही पकडेल, आणि हजारी एक या हिशोबाने उरलेल्यांतल्या दहा जणींनाही चुकून पॉझिटिव्ह सांगेल. म्हणजे वीस पॉझिटिव्ह, त्यांतले खरे निम्मे. आता चाळिशीच्या दहा हजार बायका घ्या. डाउनची बाळं शंभर, पकडली जाणार ९९, चुकीचे पॉझिटिव्ह तेच दहा. इथे पॉझिटिव्हपैकी नव्वद टक्के खरे. तपासणी तीच, यंत्र तेच, पण आईच्या वयाप्रमाणे त्याच शब्दाचं वजन बदलतं.

शिवाय हा डीएनए वारेचा असतो, बाळाचा नव्हे. क्वचित वारेत दोष असतो आणि बाळात नसतो. जुळ्यातलं एक सुरुवातीला विरघळून गेलं असेल तरी निकाल फसू शकतो, तेव्हा ते आधी सांगा. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी फक्त त्या कागदावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नका. आणि वजन जास्त असेल तर डीएनएचं प्रमाण कमी पडून "निकाल नाही" असं येऊ शकतं. त्याचा अर्थ काय आणि पुढे काय, हे फोनवर न विचारता समोर बसून विचारा.

७. गर्भजल तपासणी

खात्री हवी असेल तर बाळाच्या पेशीच तपासाव्या लागतात. अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन, किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून. मी दुसरी केली, कारण माझा आकडा वर होता आणि मला अर्धवट उत्तर नको होतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत पोटातून लांब, बारीक सुई घालतात. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते. सिरिंजमध्ये फिकट पिवळं पाणी येतं, पंधरा-वीस मिलिलिटर. सगळं दोन-चार मिनिटांत होतं. दुखणं इंजेक्शनपेक्षा थोडं जास्त, नंतर दिवसभर पाळीसारख्या कळा. पाणी जाणं, रक्त जाणं, ताप यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. या तपासणीमुळे जादा गर्भपात होण्याचा धोका सरावलेल्या हातात अर्ध्या टक्क्याहून कमी धरतात. "बाळाला सुई लागते" हे मी किती जणींकडून ऐकलं. सुई सतत डोळ्यांसमोर असते, बाळापासून दूरचा पाण्याचा कप्पा निवडतात.

आधी तीन गोष्टी बघा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागतं. फॉर्म जी वर तुमची संमती लागते. कायद्याने ती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवी आणि तिची प्रत तुम्हाला मिळायला हवी, तेव्हा मराठीतला फॉर्म मागा. आणि लॅबला कोणत्या चाचण्या लावल्या आहेत ते लिहून घ्या: फिश किंवा क्यूएफ-पीसीआर ही झटपट चाचणी असेल तर मुख्य गुणसूत्रांचं उत्तर दोन-चार दिवसांत, पूर्ण कॅरिओटाइपला दोन-तीन आठवडे. माझ्या बाळाची गुणसूत्रं पाहायला लॅबला पूर्ण तीन आठवडे लागले, ती निर्दोष निघाली. फिशचं उत्तर आधी हातात होतं म्हणून ते दिवस काढता आले.

८. कायद्याची मुदत

हे बोलणं कठीण आहे, पण तपासणी करताना घड्याळ माहीत असलं पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत गर्भपातासाठी एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ठराविक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि बाळातलं गंभीर व्यंग हे त्यांतलं एक कारण. चोवीसनंतर अशा व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची. नवऱ्याची, सासूची, कुणाचीही सही कायदा मागत नाही.

म्हणून आठवडे उलटे मोजा. अठराव्या आठवड्यात गर्भजल काढलं आणि पूर्ण रिपोर्टला तीन आठवडे लागले, तर वीस उलटलेले असतात. नंतरची धावपळ नको असेल तर एकेक पाऊल वेळेत टाका. रिपोर्टनंतर काय करायचं हे नक्की नसलं तरी चालेल. गर्भ ठेवायचाच असं ठरलेल्या बायकाही तपासणी करतात, तयारीसाठी. आणि तपासणी नकोच, असंही ठरवता येतं. तो तुमचा हक्क आहे.

९. निदान डाउनचं आलं तर

निर्णयाआधी दोन जणांना भेटा: एक जेनेटिक काउन्सेलर, आणि एक डाउनचं मूल वाढवणारं कुटुंब. पहिला आजाराबद्दल सांगेल, दुसरे रोजच्या दिवसाबद्दल. माझा भाचा उशिरा चालला, उशिरा बोलला, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं. आता तो सकाळी दुधाच्या पिशव्या आणतो, सुटे पैसे मोजून परत देतो आणि आमच्या बाळाला झोपवायला त्याच्याइतका पटाईत घरात दुसरा कुणी नाही. त्याच्या आईचे कष्टही मी पाहिलेत, तेही झाकून ठेवणार नाही. दोन्ही बघूनच ठरवा.

गर्भ ठेवायचा असेल तर:
- बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी करा. डाउनच्या चाळीस ते पन्नास टक्के बाळांना हृदयाचा दोष असतो, आणि त्यातले बरेच ऑपरेशनने बरे होतात.
- नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नाव घाला आणि बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवा.
- जन्मानंतर हृदय, थायरॉईड, कान आणि डोळे यांच्या तपासण्या कधी करायच्या ते लिहून घ्या.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात त्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे ते विचारा. फिजिओथेरपी आणि बोलण्याची थेरपी पहिल्या काही महिन्यांतच सुरू करायची असते, मूल मोठं होण्याची वाट बघायची नसते.
- दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. दोन्हीकडे मुलाचा कॅरिओटाइप रिपोर्ट बरोबर न्या.